पांढऱ्या कुरडयांचे तीन दिवस

छत्तीसगढमधल्या जामुलच्या घरी गच्चीवर वाळवण घालायच्या आधी आई चिमणीकडे बघायची. शेजारच्या बाया आभाळ बघत, वारा बघत. आई पदर कमरेला खोचून, कपाळावर हात धरून, वस्तीच्या पलीकडच्या स्पंज आयर्नच्या, म्हणजे कच्च्या लोखंडाच्या, कारखान्याची चिमणी निरखायची. धूर आपल्या अंगावर येत नाही असं दिसलं की जुन्या लुगड्यांच्या घड्या उलगडायची, चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवायची आणि मग सोऱ्या हातात घ्यायची. तरी संध्याकाळपर्यंत व्हायचं तेच व्हायचं. कुरडईच्या वेटोळ्यांत बारीक काजळी जाऊन बसायची. फुंकली तर पसरायची, पुसली तर चिकटायची. एकदा वर्ध्याच्या आत्यानं आमची कुरडई हातात घेऊन कौतुकानं विचारलं होतं, "तीळ टाकले का वं वहिनी?" आईनं "हो, काळे," म्हणून सांगितलं आणि चहाचं आधण ठेवायला उठून गेली.

आता मी कुरडया विकत आणते. पाकिटावर तारीख असते, परवाना असतो, कशात काय किती आहे त्याची यादी असते, आणि माझी मुलगी दुकानातच फोन काढून ते सगळं तपासते. दुकानदाराला काहीबाही विचारते, उत्तर पटलं नाही तर तिथल्या तिथे चार ओळी लिहून जगाला कळवते. डॉक्टर असो, शाळा असो की नगरसेवक, तिच्या पिढीच्या नजरेतून कोणी सुटत नाही. मला ते आवडतं. पण तिनं कोणाचा असा पंचनामा मांडला की मी दुसरीकडे बघायला लागते, आणि का ते मी तिला आजवर सांगितलेलं नाही.

बाबा त्याच कारखान्यात होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. काका मोठ्या सरकारी पोलाद प्लांटमध्ये लागले होते, त्यांना सेक्टर ६ मध्ये क्वार्टर होतं, अंगणात पेरू होता, दवाखाना फुकट होता. बाबांना तिथून बोलावणं आलंच नाही. नागपूरहून भावाच्या भरवशावर आलेला माणूस दोन वर्षं इकडेतिकडे करून शेवटी जामुलच्या या खासगी कारखान्यात चिकटला, तो अक्षराच्या जोरावर. बाबांचं अक्षर बघत राहावं असं होतं. साताला मधोमध एक छोटी आडवी रेघ द्यायचे, शून्याचा गोल पुरा करताना हात जराही थरथरायचा नाही. त्यांच्याकडे काम एकच होतं. चिमणीतून किती धूळ बाहेर पडते ते दर तासाला यंत्रावर बघायचं आणि तक्त्यात लिहायचं. आठवड्याचं एक पान व्हायचं, ते मॅनेजर साहेबांच्या सहीनं सरकारी दफ्तरात जायचं.

यंत्र बिघडून किती वर्षं झाली होती ते बाबांनाही आठवत नसे. आकडा हद्दीच्या आत पाहिजे, एवढंच त्यांना सांगून ठेवलेलं होतं. म्हणून रविवारी सकाळी पोहे झाले की बाबा पुढच्या खोलीत चटई टाकत, मांडीवर माझं परीक्षेचं पॅड घेत, पट्टी-पेन काढत आणि येणाऱ्या आठवड्याचं पान भरायला बसत. मला हाक मारत. "सांग वं बाई, चाळीस ते पन्नासच्या मधातला एक आकडा." मी म्हणायचे, बेचाळीस. "आता दुसरा." सत्तेचाळीस. स्वयंपाकघरात आईच्या बांगड्या वाजत असायच्या, बाहेर कारखान्याच्या पंख्याची घरघर चालू असायची, आणि आम्ही बापलेक आकडे खेळत असायचो. मी लागोपाठ तोच आकडा सांगितला की बाबा मान हलवायचे. "तसं नाही चालत. खरं नाही वाटत." कॉलेजात गेले तरी हे चालूच होतं. चहा गाळता गाळता मी आतूनच ओरडायचे, त्रेचाळीस, शेहेचाळीस, बेचाळीस. आईला ते आवडत नव्हतं. "पोरीले काय शिकवून राहिले तुमी," असं ती दर दोनचार महिन्यांनी म्हणायची. बाबा हसून म्हणायचे, "कोण वाचते वं हे? कपाटात जाऊन पडते." त्यात त्यांचं खोटं नव्हतं. तोवर खरोखरच ते कोणी वाचत नव्हतं.

मी कॉलेजात असतानाच एका वर्षी फाल्गुनात वर्ध्याला आत्याच्या मुलीचं लग्न निघालं. जायचं आम्हा तिघांनाही होतं, पण आईनं निघायच्या दोन दिवस आधीच गहू भिजत घातले होते. कुरडईचा गहू तीन दिवस भिजतो, रोज पाणी बदलावं लागतं, मधे सोडून कोणी जात नाही. आणि माझी परीक्षा होती. तेव्हा बाबा एकटेच गेले. जायच्या आधी रविवारी नेहमीप्रमाणे बसून त्यांनी सगळं पान भरून ठेवलं. आकडे मी सांगितले.

बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला वेगळंच काहीतरी वाटत होतं आणि काय ते कळत नव्हतं. दात घासता घासता लक्षात आलं की घरघर नाही. कारखान्याच्या भट्टीची आतली विटांची भिंत ढासळली होती म्हणून भट्टी थंड केली होती, असं नंतर कळलं. तीन दिवस चिमणीतून काही निघालं नाही. मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळल्याचा आवाज इतक्या लांबून येतो हे मला त्या तीन दिवसांत पहिल्यांदा कळलं. आईनं वाटलेला गहू आदल्या दिवशीच गाळून रात्रभर निवळू दिला होता; त्या सकाळी वरचं पाणी ओतून खालचा चीक मोठ्या गंजात शिजवला. मी हाटत होते, ती हिंग-मीठ टाकत होती. गरम चीक वाटीत घेऊन वर कच्चं तेल आणि तिखट घालून आम्ही दोघींनी उभ्याउभ्याच खाल्ला, जीभ भाजली. मग गच्चीवर तीन दिवस कुरडया. संध्याकाळी आई वर गेली, एक कुरडई उचलून उजेडाकडे धरली आणि बराच वेळ खाली आलीच नाही. मी वर जाऊन बघितलं तर ती लुगड्याच्या कडेला मांडी घालून बसलेली. "पाह्य वं," ती म्हणाली, "माह्या मायच्या घरी अशा व्हायच्या." पांढऱ्याशुभ्र होत्या. खाली आल्यावर तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथे ती दूध आणि सिलिंडर लिहायची, त्या तीन तारखांवर एकेक शब्द लिहिला: पांढऱ्या, पांढऱ्या, पांढऱ्या. चौथ्या दिवशी घरघर सुरू झाली आणि तिनं लिहिलं, काळ्या.

आमच्या दोन घरं सोडून साहू गुरुजी राहायचे. सरकारी शाळेतून निवृत्त झालेले, विधुर, अंगात कायम गंजीफ्रॉक आणि खिसा नसला तरी कुठून तरी पेन काढणारे. मुळात छत्तीसगढी माणूस, पण आमच्याशी शाळेतल्या हिंदीत बोलायचे. माहितीचा अधिकार नावाचा नवा कायदा आला तेव्हा गावात बहुतेकांना त्याचा पत्ता नव्हता. गुरुजींनी तो पेपरातून कापून वहीत चिकटवला होता. दहा रुपयांच्या अर्जावर सरकारला प्रश्न विचारता येतो, आणि सरकारला उत्तर द्यावं लागतं, याचं त्यांना लहान मुलासारखं नवल होतं. त्यांनी हातपंपापासून सुरुवात केली होती. मग शाळेचं छप्पर, मग रेशन दुकान. दुकानदार त्यांना बघून शटर ओढतो असं लोक म्हणायचे. त्या उन्हाळ्यात पेपरात जाहीर सूचना आली, की कारखान्याला दुसरी भट्टी टाकायची आहे, त्यासाठी शाळेच्या मैदानावर जनसुनवाई होईल, ज्याला जे म्हणायचं ते त्यानं येऊन म्हणावं. गुरुजींनी लगेच अर्ज केला: आधीची भट्टी किती धूळ सोडते त्याचे सरकारकडे असलेले कागद द्या.

आई त्यांच्याकडे कॅलेंडर घेऊन गेली ती अगदी सहज. चौकशी चाललीय म्हणतात तर आपलंही सांगावं, एवढाच विचार. गुरुजी उडालेच. "बहिनी, ये तो सबूत है," ते म्हणाले. भट्टी बंद त्या दिवशी कुरडई पांढरी, चालू त्या दिवशी काळी. आता फक्त सरकारी कागदात त्या तीन दिवशी काय लिहिलंय ते बघायचं. शून्य असेल तर कागद खरा. त्यांनी आईला सुनवाईत बोलायला तयार केलं. तो सरकारी कागद म्हणजे आमच्या चटईवरचं पान, हे आईच्या डोक्यातही आलं नाही. तिच्या लेखी ती पानं कपाटात पडलेली होती.

कागद आले ते दोऱ्यानं बांधलेल्या मोठ्या गठ्ठ्यात. गुरुजींच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू नुकताच काढला होता, म्हणून त्यांनी मला बोलावलं. दुपारची वेळ, कूलरचं गवत भिजून त्याचा वास खोलीभर. मी गठ्ठा सोडला आणि पहिल्याच पानावर ती आडव्या रेघेची सातं दिसली. झेरॉक्समध्ये थोडी पसरली होती, पण बाबांचीच. पुढचं पान, त्याच्या पुढचं, सगळीच. मी पानं तारखेप्रमाणे लावत गेले आणि ते पान आलं. वर्ध्याच्या लग्नाचा आठवडा. तिन्ही दिवस तासातासाला धूळ निघत होती: त्रेचाळीस, शेहेचाळीस, बेचाळीस. माझाच आवाज मला ऐकू आल्यासारखा झाला.

"मिला क्या, बेटी?" गुरुजींनी पलंगावरून विचारलं. डोळ्यावर हिरवी पट्टी होती.

"नहीं गुरुजी," मी म्हटलं. "वो पन्ना नहीं है. शायद उन्होंने दिया ही नहीं."

"हूं. छुपा लिया होगा," गुरुजी म्हणाले.

पान माझ्या कॉलेजच्या पिशवीत गेलं होतं. इतकं सोपं असतं ते. पुढे आयुष्यात मी मोठमोठ्या माणसांचे घोटाळे पेपरात वाचले तेव्हा लोक म्हणायचे, यांना लाज कशी वाटत नाही. मला माहीत आहे. त्या क्षणी लाज वाटायला सवडच नसते. बाबांची नोकरी जाईल, काका म्हणतील मी सांगितलंच होतं, आई काय करेल, एवढंच डोक्यात होतं. लाज नंतर येते, आणि आली की मग मुक्कामालाच येते.

सुनवाईच्या चार दिवस आधी बाबा घरी आले ते जरा संकोचत. मॅनेजर साहेबांनी सगळ्या कामगारांना सांगितलं होतं, घरच्या बायकांना घेऊन या, माईकवर दोन शब्द बोलायला लावा, की आमचं समर्थन आहे. बोलणाऱ्यांची यादी होती, त्यात आईचं नाव घातलं होतं. बाबा म्हणाले, "काही नाही वं, समर्थन आहे म्हणायचं आन् खाली बसायचं. दोन मिनिटाचं काम." आई भाकरी थापत होती. तव्याकडे बघतच म्हणाली, "येते ना. मले तं बोलायचंच हाये." बाबा खूश झाले. मी जिन्यात बसून नखं खात होते.

दुसऱ्या दिवशी मी आईला म्हटलं, "तू नको ना बोलू. बाबाची नोकरी आहे तिथं."

"मी बाबाचं कुठी बोलून राहिली? मी कुरडईचं बोलून राहिली," आई म्हणाली. मग हातातलं काम थांबवून तिनं माझ्याकडे बघितलं. "कावून वं? काही झालं का?"

"काही नाही," मी म्हटलं. सांगायची तीच वेळ होती. पिशवी तिच्या मागच्या खुंटीला लटकत होती.

सुनवाईच्या दिवशी शाळेच्या मैदानावर मांडव घातला होता, कडेला मोठे कूलर, मागे पुरी-भाजीची पाकिटं रचलेली. कारखान्याच्या बसमधून लोक उतरत होते, डोक्यावर पांढऱ्या टोप्या. बाबाही टोपी घालून त्यांच्यात, तिसऱ्या रांगेत. मंचावर मोठे अधिकारी, त्यांच्या एका बाजूला कंपनीचे साहेब, दुसऱ्या बाजूला सरकारी दफ्तरातला एक म्हातारासा बाबू फायली मांडून बसला होता. सगळ्याचं व्हिडिओ शूटिंग चालू होतं. माणसं एकामागून एक माईकपाशी येत, "मोर समर्थन हे" म्हणत आणि पाकिटाकडे जात. आईचं नाव पुकारलं तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. तिनं कडक इस्त्रीची सुती साडी नेसली होती, हातात कापडी पिशवी. पिशवीतून कॅलेंडरची गुंडाळी काढली आणि एक स्टीलचा डबा. डब्यातून दोन कुरडया काढून मंचाच्या टेबलावर ठेवल्या, एक पांढरी, एक ठिपक्यांची. मग माईकमध्ये म्हणाली, "साहब, मेरा समर्थन नहीं है. मैं कुरडई करती हूं."

लोक हसले. आईला त्याचं काही वाटलं नाही. तिच्या त्या मराठी मुरलेल्या हिंदीत तिनं सरळ सगळं सांगितलं: कधी गहू भिजवले, कधी भट्टी बंद झाली, कुठल्या तारखांना काय रंग. "हात कंगन को आरसी क्या, आपही देख लो." मांडवातलं हसणं हळूहळू कमी झालं. तेव्हा कंपनीचे साहेब उठले. ते अगदी गोड बोलले. बहनजी घरच्या कामात हुशार आहेत, पण काजळी चुलीचीही असते, गाड्यांचीही असते. आमच्याकडे तासातासाचे आकडे आहेत, सरकारकडे जमा आहेत, सगळे हद्दीत. गुरुजी काठी टेकत उभे राहिले, म्हणाले, मग त्या तीन दिवसांचं पान दाखवा, मला ते दिलंच नाही. मोठ्या अधिकाऱ्यांनी बाबूकडे बघितलं. बाबू म्हणाला, साहेब, मी सगळी पानं मोजून दिली होती. "फिर गया कहां?" अधिकारी म्हणाले. "आपके दफ्तर में कागज को पांव लगते हैं क्या?" पुन्हा हशा झाला, या वेळी बाबूवर. तो गुरुजींच्या गठ्ठ्याची पानं थुंकी लावून मोजत होता, एकदा, दोनदा, आणि त्याचे कान लाल झाले होते. पान माझ्या मांडीवरच्या पिशवीत होतं. मी पिशवी दोन्ही हातांनी धरून बसले होते.

"तो बहनजी, कागज तो है नहीं," कंपनीचे साहेब आईला म्हणाले. "और पापड़ से तो फैसला नहीं होता ना." आई माईकपाशी तशीच उभी होती. कुरडईला पापड म्हणाल्याचंही तिनं दुरुस्त केलं नाही. मी तिला आयुष्यात पहिल्यांदा इतकी एकटी पाहिली.

तिसऱ्या रांगेत खुर्ची सरकली. बाबांनी टोपी काढून खुर्चीवर ठेवली आणि चालत माईकपाशी आले. आईनं त्यांच्याकडे बघितलं, बाजूला सरकली. बाबांनी आपलं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, गाव सांगितलं, जणू कोणी फॉर्म भरून घेत होतं. मग म्हणाले, "साहब, पन्ना मिले न मिले, उसमें क्या लिखा है वो मैं बताता हूं. भट्टी बंद थी, फिर भी रोज का ही आंकड़ा लिखा है. मैंने लिखा है. उन तीन दिन मैं यहां था भी नहीं, वर्धा में शादी में था. पहले से लिख के रखा था. सब पहले से ही लिखते हैं. मशीन कब से बंद है मुझे याद नहीं."

शूटिंगवाल्यानं कॅमेरा जवळ आणला. अधिकाऱ्यांनी विचारलं, हे तुम्ही कोणाच्या दबावाखाली बोलत आहात का? बाबांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "नहीं साहब. मेरी घरवाली है ये." ते उत्तर त्या प्रश्नाचं होतं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

घरी आम्ही तिघं पायीच आलो. बस कारखान्याची होती, तिच्यात बसायचा प्रश्न नव्हता. आईनं माठातलं पाणी दिलं, बाबांनी पायरीवर बसून प्यायलं. मग आई म्हणाली, "ते पानच सरकारात जाते, हे मले ठाऊक नव्हतं."

"ठाऊक असतं तं?" बाबांनी विचारलं. "नसती बोलली?"

आईनं पदरानं मान पुसली. "बोलली असती," ती म्हणाली. "पण आधी तुमाले सांगितलं असतं."

बाबांनी मान हलवली, आणि पेला परत पुढे केला.

नोकरी गेली. दुसऱ्याच दिवशी गेटवरूनच त्यांना परत पाठवलं. पुढे पॉवर हाउस नावाच्या भागात एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात काम मिळेपर्यंत आठ महिने आम्ही काकांच्या उपकारावर काढले, आणि काकांनी ते कधी बोलून दाखवले नाहीत, काकूनं दाखवले. दुसरी भट्टी यायची ती आलीच, दोन वर्षं उशिरा. पण चिमणी उंच झाली, धूळ पकडायचं यंत्र नवं बसलं आणि गेटबाहेर लाल आकड्यांची पाटी लागली, त्या घटकेला चिमणीतून काय निघतंय ते येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून. मागे जामुलला गेले होते तेव्हा पोरं त्या पाटीचे फोटो काढून कुठेकुठे पाठवत होती. आईच्या कुरडयांनी हे सगळं केलं असं मी म्हणणार नाही. एकट्या माणसानं असं काही होत नसतं. पण सुरुवात मी पाहिली होती, आणि त्या सुरुवातीत मी कुठल्या बाजूला होते तेही मला माहीत आहे.

कारण पान माझ्याकडेच होतं. मूळ पान दफ्तरात असणारच, ते काढून बघतील, ही साधी गोष्ट माझ्या शहाण्या डोक्यात आलीच नव्हती. ते त्यांनी आठवड्यात काढलं, बाबांचं बोलणं खरं निघालं. त्याच वेळी गुरुजींकडून बातमी आली की त्या म्हाताऱ्या बाबूला नोटीस गेली आहे, नक्कल देताना पान दडवलं म्हणून. निवृत्तीला त्याचं एक वर्ष राहिलं होतं. गुरुजी ते आनंदानं सांगत होते. म्हणाले, अब पता चलेगा इनको.

त्या संध्याकाळी मी पान पिशवीतून काढून बाबांच्या समोर ठेवलं. ते पायरीवर बसून आईला लसूण सोलून देत होते. नोकरी गेल्यापासून अशी कामं करायला लागले होते. त्यांनी हात पुसून पान उचललं, वरपासून खालपर्यंत वाचलं.

"हे कुठून आलं तुह्याजवळ?"

मी सांगितलं. रडत नव्हते, फक्त भरभर बोलत होते.

"मी लिहिलं ते नोकरीसाठी," बाबा म्हणाले. "तू लपवलं ते कावून?"

"तुमच्यासाठी."

"माह्यासाठी," ते म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. "आन् त्या बाबूचं काय? त्यानं एकच काम खरं केलं, पानं मोजून दिली. त्याचीच नोकरी खाऊन राहिलो का आपण?" त्यांनी पान नीट घडी घालून माझ्या हातात दिलं. "जा. गुरुजीले देऊन ये. सांगजो काय झालं ते."

"तुम्ही चला ना सोबत."

"मी गेलो होतो का कोणाले सोबत घेऊन, माईकपाशी?"

दोन घरांचं अंतर. गुरुजी अंगणात खाटेवर बसून रेडिओवरच्या बातम्या ऐकत होते. पट्टी निघाली होती, जाड काळा चष्मा लावला होता. बाबा त्या दिवशी साऱ्या गावापुढे बोलले होते, कॅमेऱ्यापुढे. माझ्यासमोर एकच म्हातारा माणूस होता. मी पान पुढे केलं. त्यांनी ते हातभर लांब धरलं, तारखा वाचल्या, रेडिओ बंद केला.

"गुरुजी, उन्होंने छुपाया नहीं था," मी म्हटलं. "मैंने निकाला था. उसी दिन, यहीं बैठे बैठे."

ज्या पोरीच्या डोळ्यांवर विसंबून त्यांनी गावासमोर एका माणसाला चोर ठरवलं होतं, ती पोर समोर उभी होती. मग त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू विचारलं, "पिताजी ने भेजा है, कि अपने मन से आई?"

अपने मन से, हे शब्द माझ्या तोंडात तयार होते. त्यांना ते ऐकायचं होतं हेही दिसत होतं, आणि खरंखोटं विचारायला कोणी येणार नव्हतं.

"बाबा ने भेजा है," मी म्हटलं.